कोपरा उचलला जाण्यापूर्वी

घरच्या घरी भरतकाम शिकवणारी पुस्तके सुलट बाजूपासून सुरुवात करतात, ही त्यांची मूळ चूक. अभ्र्यावरचा गुलाब कितीही टवटवीत उतरला तरी घरी आलेली आत्या त्याच्याकडे क्षणभरच पाहते. मग "छान हं" म्हणता म्हणता कोपरा चिमटीत धरते आणि अभ्रा उलटा करते. खरा पेपर तिथे तपासला जातो. म्हणून प्रस्तुत मार्गदर्शन उलट बाजूचे भान ठेवून लिहिले आहे.

साहित्य फार लागत नाही: मॅटीचे कापड, लाकडी रिंग, सुई, दोऱ्याच्या लडी. लडीतला दोरा ६ पदरी असतो. फुलासाठी त्यातले २ किंवा ३ पदर सोडवून घ्यावेत. सहाही एकदम ओवले तर काम लवकर उरकते, पण गुलाबाचा फ्लॉवर होतो. दोरा बोटांपासून कोपरापर्यंत पुरे. पुन्हा पुन्हा सुई ओवायचा कंटाळा करून दोन वाव दोरा घेणाऱ्याचा निम्मा वेळ गुंता सोडवण्यात जातो आणि उरलेला निम्मा, हा गुंता मांजराने केला असे सांगण्यात. घरात मांजर असलेले बरे.

नक्षी उतरवण्याची जुनी रीत अशी: बटर पेपरवर चित्र काढायचे, रेघेवर सुईने भोके पाडायची, रॉकेलात नीळ कालवून त्याचा बोळा कागदावरून फिरवायचा. खाली कापडावर ठिपक्यांची वेल उमटते आणि घरभर रॉकेलचा वास. आता रॉकेल कुठले मिळायला, म्हणून कार्बन पेपर वापरावा. त्यावर मनगट टेकू नये. टेकलेच, तर डाग पडेल तिथे एक पान भरावे. माझ्या टेबलक्लॉथवर गुलाब २ आणि पाने १९ आहेत.

देठाला देठ टाका, पानाला गहू टाका, पाकळीला साखळी. फुलाच्या मध्यभागी मात्र गाठीचा टाका हवा, आणि इथेच भलेभले बसतात. सुईला दोऱ्याचे २ वेढे द्यावेत, दोरा डाव्या हाताने ताणून धरावा आणि सुई वर आली होती त्याच्या शेजारी खाली घालावी. शेजारी! त्याच भोकात घातली की गाठ सरळ मागे निघून जाते. अशा रीतीने समोर फूल बोडके राहते आणि मागे परागकणांची सुगी येते.

उलट बाजूचा हा प्रश्न आपल्या देशात पूर्वीच गांभीर्याने हाताळला गेला आहे. पंजाबात फुलकारी खद्दराच्या उलट बाजूनेच भरतात, म्हणजे तिथली बाई पहिल्या टाक्यापासून आत्याच्या जागी बसलेली असते. चंब्याचा रुमाल दोरुखा, दोन्हीकडून सारखा. आणि आपल्या इरकलीवर दिसणारी धारवाडकडची कसुती तर या विषयातली शेवटची पायरी. तिचे टाके ४: गावंती, मुरगी, नेगी, मेंथी. छापा काढायचा नाही, कापडाचे धागे मोजत जायचे. गाठ मारायची नाही. गावंतीत जाताना धावदोरा घालायचा आणि येताना त्याच वाटेने मोकळ्या राहिलेल्या जागा भरायच्या, की रेघ दोन्हीकडून अखंड. मुरगीही तशीच, फक्त पायऱ्यापायऱ्यांची. गोपुर, तुळशीवृंदावन, पालखी, हत्ती असा सगळा थाट एवढ्यातून उभा राहतो.

आत्या उलटेल तेव्हा उलटू दे, अशा हिमतीने मी हत्ती घेतला. सोंडेपाशी मोजणीत एक धागा चुकला. कसुतीत चुकलेला धागा वाटेत कुठे भरून निघत नाही, तो शेपटीपर्यंत सोबत येतो. परिणामी कापडावर जे डुक्कर तयार झाले ते दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखे होते. तांत्रिकदृष्ट्या हे यशच आहे.

ज्यांना इतके यश नको त्यांनी मागे अस्तर लावावे. पण अस्तर दिसले की आत्यांचा संशय बळावतो आणि नख शिवणीखाली जाते. त्यापेक्षा फ्रेम उत्तम. समोर काच, मागे पुठ्ठा, त्यावर खाकी कागद डिंकाने चिकटवलेला. कोपरा म्हणून उरतच नाही. मी तसेच केले. वेलीसकट डुक्कर बैठकीच्या भिंतीवर लावले.

आत्या आल्या. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. मग स्टुलावर चढून त्यांनी फ्रेम खिळ्यावरून काढली आणि पाठ फिरवली. खाकी कागदावर फ्रेमवाल्याच्या दुकानाचे लेबल होते, खाली पेनाने लिहिलेले ४५० रुपये.

"हात्तिच्या," त्या म्हणाल्या, "विकतचंय होय!"