दुर्बीणवाले नाना

नानांच्या गळ्यात दुर्बीण नाही असं मी एकदाच पाहिलंय. त्यांच्या मुलीच्या लग्नात. तेव्हा ती काकूंच्या पर्समध्ये होती.

बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं योगासनं करतात, नाहीतर सोसायटीचं सेक्रेटरीपद मागतात. नाना पक्षी बघायला लागले आणि त्यांना माणसं दिसेनाशी झाली. जिन्याशी गाठ पडली की त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या गुलमोहरावर. "थांबा, हलू नका." मी दुधाची पिशवी घेऊन खांबासारखा उभा. "गेला. तांबट होता." त्यांच्या कृपेने नाशिकचे निम्मे पक्षी मी या 'गेला' अवस्थेत पाहिलेत.

काकूंचं दुःख वेगळं. ऐन संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका दारात, आणि खुर्च्या मांडायला घरातला पुरुष नाही. "हे नांदूरला हळदी-कुंकू मोजत होते!" हे खरंच बदकाचं नाव आहे. चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू. नानांनी त्या दिवशी चौतीस मोजली. काकूंकडे सतरा बायका आल्या होत्या. नानांनी हा हिशेब बोलून दाखवला, हे त्यांचं चुकलंच.

एका डिसेंबरात मीही त्यांच्याबरोबर नांदूरच्या अभयारण्यात गेलो. निफाडची थंडी ही पेपरात वाचायची गोष्ट आहे. माझा लाल स्वेटर नानांनी गाडीतच उतरवायला लावला, पक्ष्यांना भडक रंग चालत नाहीत म्हणून. मिसळीला थांबू दिलं नाही. त्याऐवजी माहिती दिली. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, त्यात गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या, आणि पक्ष्यांनी मुक्काम ठोकला. "इंजिनियर ज्या गाळाला रडतो ना, त्याच्यावर हे अभयारण्य उभं आहे! १९८६ मध्ये अभयारण्य, २०२० मध्ये रामसर, महाराष्ट्रात पहिलं!" रामसर हे इराणातलं गाव, पाणथळ जागांचा करार १९७१ मध्ये तिथं झाला, हे मला चांदोरी येईपर्यंत कळलं. भूक तशीच होती.

चापडगावच्या मनोऱ्यावर मात्र मी गप्प झालो. पाण्यावर काळे ठिपके, एकेक करून जिवंत होत होते. काळं अंग, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. मी भारावून पुटपुटलो, "काय बदकं आहेत!"

नाना एरवी कुजबुजतच बोलतात. वाण्याकडे साबुदाणासुद्धा ते कुजबुजत मागतात. पण चुकीचं नाव त्यांना सहन होत नाही. "बदक?" ते गरजले. "अहो, वारकरी तो! पाणकोंबडीचा भाऊबंद! बोटं बघा त्याची, पडदा आहे का?" बोटं बघायला कोणी राहिलंच नाही. अख्खी दिंडी पाण्यावरून फडफडत धावत सुटली आणि पलीकडच्या काठाला जाऊन टेकली. वाटाड्या पोराने कपाळाला हात लावला. नानांनी शांतपणे वही काढली आणि लिहिलं, 'वारकरी, अंदाजे ३००, विचलित.' कोणी विचलित केले, ते लिहिलं नाही.

हे ज्ञान ते कुठेही सांडतात. एका बारशात त्यांनी कमळपक्ष्याची गोष्ट काढली. यात मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते, उबवायची आणि पिल्लं सांभाळायची ती बापाने. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बाळाचा बाप रात्रभर जागलेला होता, त्याने फक्त विचारलं, "हा पक्षी नाशकात आहे?"

पण नानांचा खरा भाव वधारला तो रामकुंडावर. गेल्या वैशाखात शेजारच्या आजोबांचा दहावा होता. पिंड ठेवून अर्धा तास झाला, कावळा शिवेना. नाना कुजबुजले, या दिवसांत कावळे घरट्यात अडकलेले असतात, त्यात कोकिळा अंडी घालायला टपलेली. गुरुजींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मंडळी आजोबांना शब्द देऊ लागली. धाकटा म्हणाला, आईला मी सांभाळीन. हूं नाही. थोरल्याने आवंढा गिळला आणि हात जोडले, "घर विकणार नाही, बाबा." कावळा पत्र्यावर ढिम्म.

नानांनी दुर्बीण लावली. "त्या पुतण्याला हात खाली घ्यायला सांगा."

पुतण्या मोबाइल उंच धरून शूटिंग करत होता.

"त्याला दगड वाटतोय तो."

हात खाली आला, चार पावलं सगळे मागे सरले, आणि कावळा तिरका चालत येऊन पिंडाला शिवला. सगळ्यांचे डोळे भरून आले. थोरला तेवढा खट्टू दिसला; घराचा शब्द पाच मिनिटांपूर्वीच चारचौघांत देऊन बसला होता.

तेव्हापासून आमच्या भागातल्या प्रत्येक दहाव्याला नानांना आग्रहाचं बोलावणं असतं. काही लोक तर गुरुजींच्या आधी त्यांना फोन करतात. नाना जातात. टोपी, हिरवं जाकीट, दुर्बीण. परत आल्यावर वहीत नोंद होते. मी परवा पाहिली: 'रामकुंड. सकाळी १०.४०. ऊन. गावकावळा, १. शिवला.'