फ्रेम पडू राह्यल्या, भो!

जळगाव-धुळ्याकडच्या लग्नात भटजी, घोडेवाला आणि डीजेवाला यांच्या जोडीला हल्ली आणखी एक मानकरी असतो : लाईव्हवाला. मांडवात शिरताच त्याचा पहिला सवाल, "कूलर कुठं लावू राह्यले?" चौकशी वऱ्हाडाच्या सुखासाठी नसते. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 गाठतो. त्याच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर शंभरीला टेकला की जीव वाचवायला आपणच वेग कमी करतो, आणि तिकडे सुरतेच्या मावशीच्या मोबाइलवर नवरदेव हार उचललेल्या अवस्थेत थिजतो. म्हणून कूलर कॅबिनेटला. तोही थेट नाही, आत पाण्याचे तुषार गेले तर संपलंच. "तिरका, भो, तिरका!" आबा-आप्पा मंडळी टोपीने वारा घेत बसतात.

मुलीचे वडील 1080 मागतात. हा त्यांना बाजूला घेतो. "काका, तुमच्या गावाचं नेट वर चढायला धड पाच एमबी देत नाही. 720 ठेवू. तीस फ्रेम, चार हजार बिटरेट. एन्कोडिंग ग्राफिक्स कार्डाकडे, प्रोसेसर मोकळा." काका हे कापसाचा भाव ऐकावा तशा गंभीर चेहऱ्याने ऐकतात आणि मान डोलावतात.

नेटमुळे पडलेली फ्रेम वेगळी आणि कॉम्प्युटर दमल्यामुळे सुटलेली वेगळी, हे तो वाढप्यालाही समजावतो. पहिलीला बिटरेट उतरवायचा, दुसरीला कॉम्प्युटरवरचा भार. वाढपी हातात बट्टीचं घमेलं घेऊन ताटकळतो. पंगतीत वरण आलंय, बट्टी नाही.

मंगलाष्टकं सुरू होतात. सगळ्यांच्या नजरा अंतरपाटावर, याची ओबीएस या लाईव्हच्या सॉफ्टवेअरच्या तळाच्या पट्टीवर. तिथे प्रोसेसर 38 टक्क्यांवर दिसला की चेहऱ्यावर जे समाधान उमटतं, ते मुलीच्या आईच्याही चेहऱ्यावर नसतं. नवरी कशी दिसत होती विचारा. सांगता येणार नाही.

एवढ्यात डीजेच्या लोडने मेन उडतो. मांडवभर हलकल्लोळ, हा मात्र शांत. रेकॉर्डिंग एमकेव्हीत आहे. एमपी-फोरची जंत्री शेवटी लिहिली जाते. मधेच वीज गेली तर फाईल उघडतच नाही. एमकेव्ही तेवढ्यापर्यंतचं सगळं सांभाळते. इथे माणूस खरोखर शहाणा आहे, मानलं पाहिजे.

त्या शहाणपणाची किंमत आठ दिवसांनी कळते. आत्याच्या आहेराची साडी नेमकी कोणती, यावरून दोन्ही घरं त्याच्या दुकानात थडकतात. फाईल लागते. सगळे स्क्रीनवर वाकतात.

"हे बघा," तो अभिमानाने बोट ठेवतो, "या वेळी प्रोसेसर सत्तरच्या वर होता. तरी पिक्चर फाटला का?"

"ते राहू दे, बापू," आत्या म्हणतात, "पदर दाखव, पदर!"