तोंडं दोन, पोट एक
सणसवाडीत नगर रस्त्यालगत कारखान्यांची दाटी. इथं सुटा भाग केसभर चुकला तरी माल परत येतो. कचऱ्याच्या डब्याला मात्र अशी तपासणी नाही. परवा एक नवाकोरा पाहिला: ओल्यासाठी हिरवं तोंड, सुक्यासाठी निळं, वर बाण. वाकून आत बघितलं, तर पोट एकच!

२०१६ च्या घनकचरा नियमांनी घरच्या कचऱ्याचे तीन भाग सांगितले: ओला, सुका आणि घरगुती घातक. डब्यानं त्यातले दोन ऐकले, तेही तोंडदेखले. चटणी लागलेला वडापावचा कागद कुठल्या तोंडात घालायचा, हे बाणालाही ठाऊक नाही. म्हणून तो डब्याशेजारीच पडतो.

कचरा खरोखर वेगळा करणारं यंत्र पाठीवर पोतं घेऊन भल्या पहाटे येतं. दुधाची पिशवी, पुठ्ठा, बाटलीचं बूच. कचरा वेचणाऱ्या त्या बाईची बोटं अंधारातही चुकत नाहीत. पुण्यात अशाच कष्टकऱ्यांची १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली.

डबा आखताना त्या बाईला कुणी विचारलं नसावं. झाकणाला कुलूप मात्र आहे. कचरा विस्कटतो म्हणे तिच्यामुळे.