अंगात आलेली मालिका

लग्न राहून गेलेल्या माणसाला नातेवाईक मुदत देतात. लग्न राहून गेलेल्या भुताला ती कोण देतं, हे मला कोरियन मालिका बघायला लागेपर्यंत ठाऊक नव्हतं.

२०१५ साली कोरियाच्या टीव्हीएन वाहिनीवर ‘ओह माय घोस्ट’ नावाची सोळा भागांची मालिका आली. तिच्यातली शिन सून-ए कुमारिका असतानाच गेली. तीन वर्षांत तिला पुरुषसुख मिळालं तर सुटका, नाहीतर तिचं दुष्ट पिशाच्च होणार. मग बाई घायकुतीला येऊन दिसेल त्या मुलीच्या अंगात शिरतात आणि बरा दिसेल त्या पुरुषाला गाठतात. पुरुष मात्र ऐन वेळी थंड पडतात, अक्षरशः. भुताचा गारवा त्यांना सोसत नाही. शेवटी ती शिरते ना बोंग-सुनमध्ये. ही एका नावाजलेल्या शेफच्या हाताखाली राबणारी पोर. आजी देवऋषीण, म्हणून हिलाही भुतं दिसतात. रात्रभर ती झोपू देत नाहीत, म्हणून दिवसभर डुलक्या, आणि दर दोन वाक्यांमागे एक माफी. अशा मुलीच्या अंगात सून-ए आली की ती शेफच्या गळ्यातच पडते. शेफला वाटतं, चला, पोरगी एकदाची खुलली.

हीच गोष्ट २०१८ मध्ये थायलंडला ट्रू फोर यू वाहिनीवर नव्याने झाली. मी ती आत्याला सोबत घेऊन पाहिली. खालच्या इंग्रजी ओळी आत्याला वाचता येत नाहीत, त्यामुळे मी मराठीत सांगत होते. आणि सत्तरी उलटलेल्या आत्याला कुमारिकेच्या भुताची नेमकी अडचण सांगताना मी तिचं ‘मनासारखं स्थळ मिळत नाही’ असं रूपांतर केलं. म्हणजे कोरियनची थाई झाली आणि आमच्या दिवाणखान्यात थाईची सदाशिवपेठी.

“एवढंच ना? मग लावून द्यायचं लग्न,” आत्या म्हणाली.

हसण्यासारखं काही नाही. कोरियात अविवाहित मेलेल्या मुलामुलींची लग्नं खरोखर लावत आले आहेत, ती घरादाराला त्रास देऊ नयेत म्हणून. इतकं लांब तरी कशाला जा, गोव्याखाली दक्षिण कन्नडमध्ये ‘प्रेत मदुवे’ लावतात. लहानपणी गेलेल्या मुलामुलींची, रीतसर स्थळ बघून, वरात काढून. आणि आमचा मुंजा तरी कोण? मुंज झाली, सोडमुंज राहिली, आणि गडी पिंपळावर जाऊन बसला. २०२४ मध्ये आदित्य सरपोतदारांनी त्याला हिंदी पडद्यावर आणला, तेव्हाही त्याचं एकच तुणतुणं होतं, लग्न.

कोरियातल्या सामचोक गावाजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर तर याहून पुढची तोड निघाली. एक कुमारिका बुडाली आणि कोळ्यांच्या जाळ्यात मासळी येईना, अशी तिथली दंतकथा. कोणाच्या तरी लक्षात आलं, की समुद्राकडे तोंड करून लघवी केली की मासळी येते. गावाने त्यातून योग्य तो बोध घेतला आणि पुरुषाच्या त्या अवयवाच्या लाकडी प्रतिमा कोरून तिला वाहायला सुरुवात केली. आज तिथे हेसिन्दांग नावाची आख्खी बाग आहे, तिकीट काढून बघायची. हे मात्र मी आत्याला सांगितलं नाही. माझ्या भाषांतरालाही मर्यादा आहेत.

थाई मालिकेत बोंग-सुनची झाली जिव आणि शेफचा झाला आर्तित. जिवचं काम केलंय नूना नुएंगथिदा सोफोन हिने, आणि इथे खरी गंमत आहे. २०१० च्या ‘हॅलो स्ट्रेंजर’ या थाई सिनेमात हीच नूना कोरियन मालिकांच्या वेडापायी कोरियाच्या सहलीला गेलेली मुलगी झाली होती. मालिकांत दिसलेल्या जागा बघत हिंडणारी. आठ वर्षांनी कोरियन मालिकाच तिच्या अंगात आली. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी तिला कसं वाटलं असेल, याचा मी उगाच विचार करत बसते.

कारण रीमेक म्हणजे दुसरं काय असतं? देह थाई, आत्मा कोरियन. बाकीच्या रीमेकना हे लपवावं लागतं, इथे कथानकच ते. देहाची सवय जाता जात नाही, ही त्यातली मौज. थायलंडात भूत आणणं म्हणजे नाशिकला द्राक्षं नेणं. तिथे घराघरासमोर खांबावर वास्तुदेवतेचं चिमुकलं देऊळ, आणि त्यापुढे लाल सरबताची बाटली. तीही स्ट्रॉ घालून, कारण देवतेने बाटलीला तोंड लावून प्यावं हे बरं दिसत नाही. केळीच्या बागेत नांग तानी राहते. रात्री क्रासू फिरते, नुसतं मुंडकं आणि खाली लोंबणारी आतडी. एवढ्या गर्दीत एका स्वयंपाकघरात घुसलेल्या प्रेमळ भुताला कोण भाव देणार? थाई प्रेक्षकाला तिचं भूत असणं समजावून सांगावं लागत नाही. शेफ नोकराशी नीट बोलतो, हेच कदाचित त्याला जास्त अद्भुत वाटत असावं.

पुढे मालिकेत खून, गुन्हेगार, पोलीस असं बरंच येतं. आत्या तिथे पेंगली. मीही फार जागी नव्हते. प्रेमकथेत पोलीस आला की माझं मन उडतं.

जागी झाल्यावर तिने विचारलं, थायलंडात लग्न झालेली भुतं असतात की नाही. मी म्हटलं, सगळ्यात मोठी तीच. प्राखानोंगची माए नाक. नवरा लढाईला गेलेला असताना बाळंतपणात गेली, आणि तो परत आल्यावर काही झालंच नाही अशा थाटात संसार करत राहिली. एकदा कुटताना लिंबू फटीतून खाली पडलं. बाईंनी माडीवरूनच हात लांबवला आणि जमिनीवरचं लिंबू उचललं. तेव्हा कुठे नवऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तिच्यावर किती सिनेमे निघाले. २०१३ चा ‘पी माक’ तर विनोदी होता आणि तुफान चालला. बँकॉकच्या वाट महाबुतमध्ये तिचं देऊळ आहे. लोक साड्यांऐवजी झगे वाहतात, बाळाला खेळणी आणतात, लॉटरीचे आकडे मागतात. तिचा वेळ जावा म्हणून मूर्तीसमोर टीव्ही लावून ठेवतात.

“टीव्ही?” आत्या सावरून बसली. “मग ही मालिका तिने बघितलीच असेल.”

“बघितली असेल.”

“आणि आवडली नाही तर? रिमोट ठेवतात का गं तिच्यापाशी?”

मला हे सुचलंच नव्हतं. आत्याने क्षणभर विचार केला आणि स्वतःच निकाल देऊन टाकला.

“तिला कशाला लागतोय रिमोट. हात पोचतो की तिचा.”