तंबूतले मध्ययुग

जर्मनीतले रोथेनबुर्ग खऱ्या अर्थाने बघायचे तर पावसात, आणि तंबूतच. हॉटेलात उतरणाऱ्यांना इतिहास कळत नाही. त्यांचे मोजे कोरडे असतात. मध्ययुगात रात्री वेशीचे दरवाजे बंद झाले की उपरा माणूस तटाबाहेर कुडकुडत बसे. आज तोच अनुभव खाली टाउबर नदीच्या काठी रीतसर पैसे मोजून मिळतो. तटावरच्या वाटेला लाकडी छप्पर आहे. एके काळी तिथे पहारेकरी शत्रूची वाट बघत. आता रेनकोटवाले पाऊस उघडायची बघतात आणि तोवर तुळयांविषयी फार आस्थेने बोलतात. माझे तर म्हणणे, ऊन पडेल त्या दिवशी नगरपालिकेने बंबाने पाणी मारावे आणि त्याचे वेगळे तिकीट लावावे.

१६३१ साली नुश नावाच्या माजी महापौराने सव्वातीन लिटर वाइन एका दमात रिचवून हे शहर वाचवले, अशी दंतकथा आहे. दरवर्षी तिचे नाटक होते. आमच्या एका स्लीपिंग बॅगेतून साधारण तेवढेच पाणी पिळून निघाले. नाटक सोडाच, नदीकाठच्या तंबूतळावर दुपारी एक ते तीन शांततेची वेळ असल्याने मोठ्याने शिंकायचीही चोरी.