उपाशीपोटी की जेवल्यावर?

छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या प्रत्येक कॉलनीत एक असतोच. निवृत्त, पायात लेकीने घेऊन दिलेले स्पोर्ट्स शूज, काखेत रबरबँड लावलेली निळी फाइल. त्याला सगळे शुगरवाले काका म्हणतात आणि तो समोरून आला की गल्ली बदलतात.

कारण सत्तर ते चारशेमधला कुठलाही आकडा कानावर पडला की काकांचा एकच प्रश्न: “उपाशीपोटी की जेवल्यावर?”

शेजारचं पोरगं दहावीला ९२ टक्के पडले म्हणून पेढे घेऊन आलं. प्रश्न आला. पोराला काही कळेना, तेव्हा काकांनीच निकाल दिला, “उपाशीपोटी असेल तर नॉर्मल.” पेट्रोल शंभरावर गेलं, तर म्हणाले, “बॉर्डरवर आहे, आत्ताच सांभाळा.” बीड बायपासच्या एका लॉनवर वधूपिता घाम पुसत कॅटररला ‘अडीचशे’ म्हणाला आणि काका नेमके मागे उभे. तो बिचारा ओरडला, “जेवल्यावर कसे? जेवायला!”

“तरी जास्तच आहे,” काका म्हणाले.

ज्ञान पक्कं आहे, हीच खरी पंचाईत. एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, कारण लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात. आदल्या दिवशी कारल्याचा रस पिऊन हे प्रगतिपुस्तक सुधारत नाही, हे ते भाजीवाल्यालाही समजावतात. जगाला जांभळाच्या बियांची पूड सुचवतात, स्वतः मात्र मेटफॉर्मिनची गोळी चुकवत नाहीत. दीक्षित डाएट की दिवेकर डाएट हा वाद घराघरांत पेटला होता, तेव्हा काकांनी दोन्ही पक्षांच्या सभा गाजवल्या. गुलमंडीवर इमरतीच्या कढईसमोर ते सापडले, तर ‘नुसता वास घ्यायला’ थांबलेले असतात. ओठाला पाक कसा लागला, हे विचारायचं नसतं.

एकदा मात्र प्रश्न बरोबर जागी बसला. पावसाळ्यात कट्ट्यावर कोणीतरी मोठ्याने बातमी वाचली, ‘जायकवाडी ९५ टक्के.’ काकांनी सवयीने विचारलं. आता सांगा, काय उत्तर द्यायचं? १०२ टीएमसीचं धरण जेवून तुडुंब, आणि पन्नासेक किलोमीटरवरचं शहर वर्षानुवर्षं पाण्याच्या पाळीची वाट बघत उपाशीपोटी! पाणी येणार म्हणून काका रात्रभर मोटारीशेजारी खुर्ची टाकून बसतात. जागरणाने आणि चिडचिडीने साखर चढते, हे डॉक्टरही सांगतात. काकांच्या वहीत अशा सकाळची नोंद आहे: उपाशीपोटी १६८. कारण: नळ.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. हा आकडा ऐकून मात्र काका काही विचारत नाहीत.

मग फाइल कशाला बाळगतात? ते बघायचं तर घाटीत जावं लागतं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झालं, त्याचं हे रुग्णालय. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडची माणसं पहाटेची एसटी धरून इथे येतात. काका आठवड्यातून एकदा तिथे असतात, स्वतःचं काही काम नसताना. केसपेपर कुठे काढायचा, रक्त कुठे द्यायचं, हे दाखवत फिरतात. खिशात साखरेची पुडी असते: रांगेत कोणाला घाम फुटून थरथर सुटली, साखर उतरली असं दिसलं, तर पंधरा ग्रॅम साखर द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायची.

परवा जालन्याकडचा एक तरुण ३८० चा रिपोर्ट हातात धरून रडत होता. “उपाशीपोटी की जेवल्यावर, लेकरा?” असं विचारत काकांनी शेजारी बूड टेकलं आणि फाइलच्या तळाचा, शाई उडालेला कागद काढला. तो काकूंचा होता. आकडा याच्याहून मोठा. पायाची जखम चिघळली तेव्हा कुठे पहिल्यांदा तपासलेली. तोवर दोघांपैकी कोणी कधी रक्त दिलंच नव्हतं. “तुझं वेळेवर कळलं,” एवढंच ते म्हणाले आणि त्याला डॉक्टरच्या दारापर्यंत सोडून आले.

माणूस डोकं खातो, यात वाद नाही. पण तुमची चाळिशी उलटली असेल आणि अजून साखर तपासली नसेल, तर सोबतीला यालाच न्या. सकाळी सहालाच तयार असतो. पाण्याचा दिवस तेवढा सोडून.