रायपूरकरांसाठी समुद्रवास : नियम, सूचना व खबरदारी

रायपूरला समुद्र नाही, मरीन ड्राइव्ह मात्र आहे. तेलीबांधा तलावाच्या काठाला सारे शहर याच नावाने ओळखते. खऱ्या समुद्राची आपल्याकडची अधिकृत नोंद एकच : रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची. ती तीनशे मीटरच्या आसपास आहे. एवढे उतरून मे महिन्याची लांब सुट्टी विशाखापट्टणमला घालवू पाहणाऱ्या तात्यापारा, बूढापारा, चौबे कॉलनी व परिसरातील मराठी कुटुंबांसाठी हे मार्गदर्शन.

घाबरू नये. नागपूरकर भोसल्यांनी १७५१ ते १८०३ असा ओडिशात मुक्काम ठोकला होता. पूर्वजांना समुद्रकाठी बावन्न वर्षे काढता आली. आपल्याला तीन आठवडे जमायला हरकत नाही.

१. प्रस्थान

रायपूरहून विजयनगरमकडे जाणारी रेल्वे पर्यटकांसाठी टाकलेली नाही. १९३३ साली विशाखापट्टणमचे बंदर उघडले, त्याच सुमारास ही वाट पूर्ण झाली. मध्य प्रांतातले मँगनीज जहाजापर्यंत पोचवणे हा हेतू होता. तेव्हा सामानाच्या वजनाचा संकोच बाळगू नये. सप्टेंबर २०२४ पासून दुर्गहून वंदे भारत धावते. सकाळी रायपूरला बसलेले कुटुंब दुपारी समुद्रकाठी पोचते. तिकिटात जेवण धरलेले असले तरी दशम्या न्याव्यात आणि टिटलागढच्या आत संपवाव्यात.

२. सामान

छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात. आंध्रही भातावरच जगतो. तरीसुद्धा घरचा दुबराज तांदूळ दहा किलो न्यावा, कारण ‘तिकडचा तांदूळ आपल्याला सोसत नाही.’ सोबत मेतकूट, गोडा मसाला, पातळ पोहे, जाड पोहे आणि प्रेशर कुकर. पोहण्याचे कपडे राहून गेले तरी चालतील. त्यांची गरज गुडघ्याच्या वर पडत नाही.

३. बस्तान

खोली समुद्र दिसणारीच हवी, असा हट्ट धरावा. मिळाल्यावर वारा फार येतो म्हणून खिडकी लावून घ्यावी, पडदा ओढावा आणि एसी सुरू करावा. दुसऱ्या दिवशी एमव्हीपी कॉलनीच्या रयतू बाजारात जाऊन भाज्यांचे भाव रायपूरच्या गोल बाजाराशी ताडून पाहावेत व निषेध नोंदवावा. नाश्त्याला पेसरट्टू समोर आला की ‘हा तर आपला चीलाच’ असे जाहीर करावे. तो मुगाचा असतो, आपला तांदळाचा. पण सुट्टीत अशा तपशिलात शिरू नये. भाषेची चिंता नको. नौदलाच्या पूर्व विभागाचे मुख्यालय इथे आहे, पोलाद कारखाना आहे. हिंदीची सवय शहराला आहे. रिक्षावाल्याशी तेलुगूत बोलायला जाऊ नये. तो उत्तर देतो.

४. समुद्राशी पहिली भेट

पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांनी आवरून, मावळत्या सूर्याचा फोटो काढण्यासाठी आरके बीचवर जावे. सूर्य तिथे सापडणार नाही. हा पूर्व किनारा आहे. सूर्य समुद्रातून उगवतो आणि मावळतो तो पाठीमागे, शहराच्या बाजूला. यावर काकांनी ‘मुंबईला असे नव्हते’ एवढेच म्हणावे.

चपला पाण्यापासून दूर काढाव्यात. तलावाचे पाणी जिथे ठेवले तिथे राहते, यावर आपली पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धा आहे. समुद्र मात्र सहा तासांनी विचार बदलतो. आणखी एक सूचना, ही थट्टेत घेऊ नये : आरके बीचवर ओढ फार आहे. पोटऱ्या भिजतील इतपतच पाण्यात उतरावे.

५. दिनक्रम

समुद्र पाहून झाला की पुढे काय, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी उभा राहतो. उत्तर : यादी. किनाऱ्यावरच आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी संग्रहालय म्हणून उभी आहे. १९६९ साली नौदलात आली, २००१ साली निवृत्त झाली. आत सरळ उभे राहून तिची निवृत्तीनंतरची सोय किती छान झाली यावर वडीलधाऱ्यांनी बोलावे. मग कैलासगिरी, ऋषिकोंडा, भीमुनिपट्टणम. सिंहाचलमच्या वराह नरसिंहाची मूर्ती वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असते. निजरूप दर्शन फक्त अक्षय्य तृतीयेला. त्या दिवशी गर्दीत न जाणे हाही भक्तीचाच एक प्रकार मानावा.

६. अरकूची सहल

दुसऱ्या आठवड्यात समुद्राचा कंटाळा येतो. तेव्हा रेल्वेने अरकूच्या डोंगरात जावे. ही गाडी बोगद्यांमागून बोगदे ओलांडत पुढे थेट किरंदुलला, म्हणजे बस्तरात पोचते. छत्तीसगड सोडून आलेल्या कुटुंबाने समुद्राकडे पाठ करून पुन्हा छत्तीसगडच्याच गाडीत बसावे, यात वावगे काही नाही. बैलाडिलाचे लोखंड याच रुळांवरून उलट येते, बंदरात जहाज गाठते आणि जपानपर्यंतही गेलेले आहे. आपल्याकडून इथे येऊन समुद्राचा पुरेपूर उपयोग करणारे तेवढे एकच.

७. समारोप

परतल्यावर महाराष्ट्र मंडळात कोणी विचारले तर ‘फार दमट, पण बरे आहे’ असे सांगावे. बिनयादीची एखादी सकाळ राखून, साडेपाचला एकट्याने किनाऱ्यावर जाऊन बसावे, असे आमचे मत आहे. पण ते ऐच्छिक. बंधनकारक नियम एकच : रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी, सकाळी आठला उघडते. त्या वेळी कोणीही पोहे फोडणीला घालत बसू नये.